मुंबईत राहून गावाकडे वायनरी: सुरू कशी करायची आणि बंद पडलेली पुन्हा कशी उभी करायची

जानेवारी उजाडला की मला ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येऊ लागतात. "ताई, नाशिकला आमची चार एकर आहे, भाऊ तिकडेच असतो, वायनरी काढावी म्हणतोय. सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सुरुवात मुंबईतून करा. बाग, टाक्या, पिंपं हे सगळं नंतर.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरची वायनरी बाबा आणि काकांनी २००५ साली दिंडोरी तालुक्यात उभी केली. बाबा मुंबईत नोकरीला, काका गावी बागेवर. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं होतं. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिककडच्या गावागावांत वायनरीची चर्चा सुरू झाली. आम्ही पाच हंगाम केले. २०१० मध्ये दाराला कुलूप लागलं. २०१७ मध्ये ते मी उघडलं. त्या दोन्ही वेळांना जे समजलं ते कामाच्या क्रमाने खाली लिहिते आहे.

आधी बाटली कुठे उघडणार ते ठरवा

एक टन द्राक्षांतून साधारण ६५० लिटर वाइन निघते. नवा माणूस "सुरुवातीला दहाच टन करू" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एक ट्रक असतो. मी त्याला कागद-पेन घ्यायला लावते. दहा टन म्हणजे ६५०० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या जवळजवळ ८६६० बाटल्या. वर्षात संपवायच्या तर महिन्याला ७२० बाटल्या, बारा बाटल्यांची साठ खोकी. आता त्या साठ खोक्यांपुढे नावं लिहा. कोणतं हॉटेल, कोणता परमिट रूम, कोणतं दुकान, महिन्याला किती खोकी? आमच्या बाबांनी हा कागद केला असता तर त्यावर जेमतेम चौदा खोकी भरली असती. आम्ही मात्र पहिल्याच वर्षी पंधरा टन चिरडले.

म्हणून पहिले तीन महिने मुंबईत फिरा. दादर, पार्ले, वांद्रे, मुलुंड, ठाणे, जिथे तुमची ओळख आहे तिथून सुरू करा. दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि मॅनेजर निवांत बोलतो. त्याला तुमच्या स्वप्नाबद्दल सांगत बसू नका. विचारा: ग्लासवर कोणती वाइन जाते, उन्हाळ्यात काय मागतात, पैसे किती दिवसांनी देता, माल कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून येतो. आणि जमलं तर बाटल्या कुठे ठेवता ते बघू द्या म्हणा. मी एका ठिकाणी रेड वाइनची बाटली तंदूरच्या भिंतीला टेकून उभी पाहिली आहे. कॉर्क दोन मिलिमीटर वर आलेलं, मानेखाली वाळलेला लाल ओघळ. ती बाटली उघडणारा गिऱ्हाईक दोष वायनरीलाच देणार. त्या दिवसापासून आम्ही मुंबईत जाणाऱ्या सगळ्या व्हाइट आणि रोझे वाइनला फिरकीचं झाकण लावतो. इथला मे महिना आणि दमट हवा कॉर्कला सोसत नाही.

विक्रीच्या परवान्यांची भाषाही या फेऱ्यांतच शिकून घ्या. परमिट रूमचा परवाना एफएल-३, वाइन शॉपचा एफएल-२, बिअर आणि वाइनच्या छोट्या दुकानाचा एफएल/बीआर-२. समोरच्याचा परवाना कोणता, हे माहीत असलं की तो तुमच्याकडून काय घेऊ शकतो ते कळतं आणि तोही तुम्हाला नवखं समजत नाही.

आणि सरकारी घोषणांवर धंद्याचं गणित मांडू नका. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्याला विरोध झाला आणि तो अडकला. त्या दोन महिन्यांत माझ्या ओळखीच्या एकाने नव्या टाक्यांची ऑर्डर दिली होती.

पैसा किती दिवस अडकतो

हे गणित कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, होते. जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी. व्हाइट वाइन जुलै-ऑगस्टपर्यंत बाटलीत जाते. दिवाळी ते ३१ डिसेंबर हा विक्रीचा खरा हंगाम. पैसे हातात येतात पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे छाटणीला घातलेला रुपया परत यायला दीड वर्ष, आणि मधल्या काळात दुसरी छाटणी आणि दुसरी तोडणी होऊन गेलेली. रेड वाइन पिंपात ठेवली तर आणखी वर्षभर धरा. किमान दोन हंगामांचा खर्च कर्जाशिवाय हातात असल्याखेरीज सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरात पहिल्या टाक्यांसाठी आई आणि काकूच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. त्या सोडवायला नऊ वर्षं लागली.

दोन गोष्टी खर्चात नक्की धरा. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणजे बाटली, झाकण, लेबल, खोकं, यंत्रं या सगळ्यांवर तुम्ही जीएसटी भरता, पण तो वळता करून मिळत नाही. तो सरळ खर्च. दुसरं, महाराष्ट्रातल्या वाइनवर २० टक्के व्हॅट आहे आणि प्रोत्साहन योजनेत त्यातला मोठा भाग परत मिळण्याची सोय आहे. तो परतावा मिळेल तेव्हा आनंद माना, पण महिन्याच्या हिशेबात धरू नका. आमच्यासारख्यांना त्याची वाट पाहावी लागली आहे.

बाटल्यांचंही असंच. काचेचे कारखाने ट्रकभर माल देतात, तुम्हाला हव्यात तीन हजार. आसपासच्या दोन-तीन छोट्या वायनऱ्यांनी मिळून एकाच आकाराची बाटली मागवली की प्रश्न सुटतो. त्यासाठी आधी एकमेकांशी बोलायला हवं.

कागदपत्रं

जागा शेतजमिनीवर असेल तर सातबारा स्वच्छ हवा, सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती हवी आणि बांधकामाच्या जागेची बिगरशेती परवानगी तपासून घ्यायला हवी. हा घोळ नको असेल तर निफाड तालुक्यातल्या विंचूरचं वाइन पार्क आहे, तसंच सांगलीकडे पलूसला आहे. तिथे औद्योगिक भूखंड, पाणी, वीज यांची सोय आधीपासून केलेली असते. स्वतःच्या बागेत वायनरी असण्याचा आनंद मोठा, पण पहिल्यांदा करणाऱ्याला पार्क सोयीचं पडतं.

वाइन बनवायचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, बीआरएल नमुन्यातला. त्यासाठी इमारतीचा नकाशा, टाक्यांची यादी आणि प्रत्येक टाकीची क्षमता द्यावी लागते. नकाशात दाखवलेली टाकी नंतर मनाने हलवायची नाही. प्रत्येक लिटरची नोंद नोंदवहीत असते: किती द्राक्ष आलं, किती रस निघाला, गाळात किती गेला, बाटलीत किती भरली. ही वही रोज लिहा. आठवड्याची एकदम लिहायला बसलात की चूक होते आणि ती चूक तपासणीत चोरीसारखी दिसते. प्रत्येक लेबलला वेगळी मंजुरी लागते आणि परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्च म्हणजे तोडणी नुकतीच आटोपलेली, माणसं दमलेली. नूतनीकरणाची फाइल डिसेंबरातच तयार ठेवा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा पोकळ सोपस्कार नाही. वायनरीचं सांडपाणी दिसायला गुलाबी आणि निरुपद्रवी असतं, पण त्यातली साखर आणि आंबलेला गाळ ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. खालच्या वस्तीवरची माणसं आपलीच असतात. शुद्धीकरणाची टाकी आधी बांधा, पाहुण्यांना वाइन चाखवायची खोली नंतर.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यासाठीचे नियम २०१८ साली आले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. लेबलवर मद्यार्काचं प्रमाण, सल्फाइटची सूचना आणि आरोग्याचा, तसंच पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा हवा. हा इशारा मी ठळक छापते. आमच्याकडे येणारे बरेच पाहुणे मुंबईहून गाडी घेऊन येतात आणि परतीच्या वाटेवर कसारा घाट आहे.

बाग लावू नका, आधी द्राक्ष विकत घ्या

"आमची थॉमसनची बाग आहेच, त्याचीच वाइन करू." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, पाणीदार आणि बिनबियांचं असतं. बाजारात त्याला तसंच असावं लागतं. वाइनला लहान मणी, जाड साल आणि बी हवी, कारण रंग, सुगंध आणि तुरटपणा सालीत आणि बीत असतो. म्हणून शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों, व्हाइटसाठी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जाती नाशिकच्या मातीत रुळल्या. नव्या माणसाने शेनिन ब्लाँपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. ती लवकर बाटलीत जाते, थंड करून मुंबईच्या हवेत आवडीने प्यायली जाते आणि बोंबील, कोळंबी, अगदी कोथिंबीर वडीबरोबरही जमते.

स्वतःची बाग लावली तर पहिलं चांगलं पीक तिसऱ्या वर्षी. तोवर ओळखीच्या बागायतदाराशी लेखी करार करून द्राक्ष घ्या. करारात भावाइतक्याच या गोष्टी लिहा: कोणत्या ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडायचं, एकरी किती टनांपर्यंत घड ठेवायचे आणि शेवटची फवारणी कधी. भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारतात. ते तोडणीच्या अगदी तोंडावर मारलं तर टाकीत सडक्या अंड्याचा वास येतो. आमच्या दुसऱ्या हंगामात दोन टन रस असा गेला. दोष बागायतदाराचा नव्हता, आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

मांजरीला, पुण्याजवळ, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. माती-पाण्याचा अहवाल घेऊन तिथे जाऊन या. खुंट, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो, कोणता घ्यायचा हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका.

तोडणी ते टाकी

माझी आजी माळकरी होती. वायनरीच्या दारात तिने पाऊल टाकलं नाही आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही. पण बागेत ती यायची. मणी तोंडात टाकायची, गर गिळायची आणि बी दाताखाली धरायची. बी मऊ लागली तर मान हलवायची. भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली आणि रंगाने तपकिरी निघाली की म्हणायची, "झालं बघ." काकांचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र, त्याच दिवशी २३ ब्रिक्स दाखवायचा. आजही आम्ही दोन्ही करतो. आकडा साखर सांगतो, बी पक्वता सांगते, आणि आपल्या उन्हात साखर बीच्या आधी चढते.

ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणलं की होणाऱ्या मद्यार्काचा अंदाज येतो. २३ ब्रिक्स म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या जरा वर. पीएचही मोजा. ३.६ च्या वर गेलेलं द्राक्ष पुढे त्रास देतं, जंतू लवकर धरतो.

तोडणी पहाटे करा. चारला दिवे लावून सुरू केली तर नऊपर्यंत संपते आणि द्राक्ष थंडगार येतं. वीस किलोच्या क्रेटमध्ये भरा, ट्रॉलीत सैल ओतू नका. खालचा थर चिरडला की बागेपासून वायनरीपर्यंतच आंबायला लागतो.

रसात जंतू वाढू नयेत म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला सगळे केएमएस म्हणतात, ते मोजून घाला. त्याच्या वजनाच्या साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड होतो. हजार लिटरला ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, हवं तर सुमारे ८८ ग्रॅम केएमएस. किराणा दुकानाचा काटा चालणार नाही, एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा घ्या. यीस्ट हजार लिटरला २०० ते २५० ग्रॅम. ते ३५ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग टाकीतला थोडा थोडा रस त्यात मिसळत थंड करत न्या. कोमट यीस्ट एकदम गार रसात ओतलं तर निम्मं मरतं. पावाचं पीठ भिजवताना यीस्ट कसं जपतो, तितकंच इथेही जपायचं.

व्हाइट १२ ते १६ अंशांवर आंबवायची, रेड २२ ते २८ वर. यासाठी टाकीला थंड पाण्याचं आवरण आणि चिलर लागतो. चिलरला वीज लागते आणि वीज जाते. २००६ च्या फेब्रुवारीतली एक रात्र मला अजून आठवते. मी कॉलेजात होते, शनिवारी गावी गेले होते. रात्री साडेअकराला वीज गेली, जनरेटर आमच्याकडे नव्हता. शिराझची टाकी पहाटे ३४ अंशांवर पोहोचली. बाबा आणि काका गावातल्या बर्फवाल्याला उठवून लाद्या घेऊन आले आणि टाकीच्या बाहेरून ओल्या गोणपाटात बांधल्या. आंबणं मध्येच थांबलं. ती वाइन गोडसर आणि अर्धवट राहिली. जनरेटरची किंमत त्या एका टाकीहून कमी होती.

रेडमध्ये सालींचा थर फुगून वर येतो, त्याला आम्ही टोपी म्हणतो. ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावी लागते, नाहीतर वर सुकते आणि आंबूस होते. ही दाबणी चालू असताना एक गोष्ट कधीही विसरू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेहून जड असतो आणि टाकीत, खोलगट जागेत साचून राहतो. त्याला वास नाही. रिकाम्या केलेल्या टाकीत चोथा काढायला माणूस उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथेच पडतो. म्हणून टाकीत उतरायच्या आधी पंखा लावून हवा खेळती करा, गॅसमापक आत सोडा, कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस उभा ठेवा. आमच्याकडे हा नियम मोडणाऱ्याला त्या हंगामात पुन्हा कामावर घेत नाही, मग तो घरचा असला तरी.

पुढचं काम संयमाचं आहे. गाळावरून वाइन दुसऱ्या टाकीत काढायची, रेडला मॅलोलॅक्टिक नावाचं दुसरं आंबणं होऊ द्यायचं म्हणजे जिभेला टोचणारं आम्ल मऊ होतं, टाकी काठोकाठ भरलेली ठेवायची. अर्धी रिकामी टाकी म्हणजे व्हिनेगरला आमंत्रण.

शिकायला म्हणून घरी करून बघू का, असं खूपजण विचारतात. वसई, उत्तन, वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळसाठी बरणीत वाइन घालायची जुनी रीत आहे. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून मगच भरायची ही शिस्त मी उत्तनच्या एका मावशींकडून पाहिली आणि वायनरीत नेली. पण दारूबंदी कायदा विनापरवाना मद्य बनवू देत नाही. त्यामुळे परवाना असलेल्या वायनरीत एक हंगाम बिनपगारी राबा. तीन आठवडे सुट्टी काढा, टाक्या धुवा. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ धुण्यातच जातो हे तिथे कळेल.

बंद का पडली

२००८ च्या मंदीने आधी परदेशी पाहुणे कमी झाले. मग २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला आणि मुंबईतली मोठी हॉटेलं काही महिने सुनी पडली. वाइनचा बराच खप तिथे होता. नाशिकच्या वायनऱ्यांत टाक्या भरलेल्या राहिल्या आणि पुढच्या हंगामात द्राक्ष घ्यायला जागाच उरली नाही. अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने डावणी हा बुरशीचा रोग आला आणि उरलंसुरलं पीकही गेलं.

आमचं कारण मात्र त्याआधीचं. आमच्या मालापैकी दोन तृतीयांश एकाच वितरकाकडे जात होता. त्याने पैसे थांबवले, आम्ही तरीही माल देत राहिलो, कारण दुसरं दारच उघडलेलं नव्हतं. सात महिन्यांची उधारी बुडाली. त्यानंतर बाबा आणि काका एकमेकांशी मोजकंच बोलायला लागले. कुणी कुणाला दोष दिला नाही, पण दिवाळीला दोन वेगळे फराळ झाले.

पुन्हा उघडताना

बंद वायनरी उघडायची तर पहिला महिना किल्लीला हात लावू नका. आधी घरातली सगळी माणसं एका खोलीत बसवा. आम्ही मुलुंडच्या घरी बसलो. बाबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष होतं. काकांच्या समोर मी एक वही ठेवली आणि प्रत्येकाला किती देणं आहे, प्रत्येकाचं काय अडकलं आहे ते लिहायला सांगितलं. काकूने तिच्या बांगड्या लिहिल्या. त्या २०१४ मध्येच सुटल्या होत्या, तरी तिने लिहिल्या आणि मी त्या खोडल्या नाहीत. मग नवा भागीदारी करार केला. त्यात नफ्याच्या वाटणीआधी एक कलम आहे: कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडे एकूण मालाच्या एक चतुर्थांशाहून जास्त जाणार नाही आणि ६० दिवसांची उधारी उलटली की माल थांबेल. हे कलम मोडायला काकांची आणि माझी, दोघांच्याही सह्या लागतात.

त्यानंतर बँक. जुनं कर्ज थकलेलं असेल तर एकरकमी तडजोड होऊ शकते. ती झाल्यावर ना-देय दाखला आणि तारणाची मूळ कागदपत्रं हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. परवान्यावर ज्या भागीदाराचं नाव आहे तो हयात नसेल तर वारसांची नोंद आणि परवान्यातला बदल, दोन्ही उत्पादन शुल्क विभागाकडून रीतसर करून घ्यावं लागतं. याला आम्हाला आठ महिने लागले. तोडणीची तारीख कागद हातात आल्यावरच ठरवा.

मग जुनी वाइन. टाक्यांत आणि बाटल्यांत जे उरलं आहे ते नोंदवहीत आहे, म्हणून ते परस्पर ओतून देता येत नाही. अधिकाऱ्यांना कळवून, त्यांच्या समक्ष नष्ट करायचं. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला तर ती वाचत नाही. आमच्या २१०० लिटरपैकी एकही थेंब ठेवण्याजोगा नव्हता. काका त्या दिवशी बाहेर बांधावर बसून होते.

स्टीलच्या टाक्या टिकतात. झाकणाचे रबर, व्हॉल्व्ह आणि नळ्या मात्र सगळ्या बदला, जंतू तिथेच घर करतो. टॉर्च घेऊन टाकीच्या आतल्या वेल्डिंगच्या रेषा बघा, सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर तो भाग घासून, पॉलिश करून घ्या. लाकडी पिंपं वर्षानुवर्षं कोरडी पडली असतील तर मोह सोडा. २२५ लिटरचं फ्रेंच पिंप महाग असतं, टाकवत नाही, पण बुरशी लाकडात खोल गेलेली असते आणि पाणी भरून फुगवलं तरी वास जात नाही. आमच्या सहा पिंपांतली पाच कुंड्या झाली.

बाग सात वर्षं सोडलेली असेल तर वेली मेल्याच असतील असं समजू नका. खुंट जिवंत असला तर रिकट करून, म्हणजे वेल खाली कापून, नवं खोड वाढवता येतं. आमच्या दीड एकरातली निम्मी शिराझ अशी परत आली, दोन वर्षांनी घड धरले.

पहिला हंगाम लहान घ्या. आम्ही तीन टन घेतले, २६०० बाटल्या. चिलर दुरुस्त झाला नव्हता, म्हणून शेजारच्या वायनरीत रीतसर परवानगीने एक टाकी भाड्याने घेतली. मुंबईत अकरा ठिकाणांशी आधीच बोलणं झालेलं होतं. मी स्वतः दर पंधरा दिवसांनी फेरी मारत होते, बाटली किती उरली आणि कुठे ठेवली आहे ते बघत होते. त्या बाटल्या मार्चपर्यंत संपल्या. दुसऱ्या वर्षी पाच टन केले, तिसऱ्या वर्षीही पाचच, कारण वहीत सहाव्या टनापुढे लिहायला नाव नव्हतं.

एक शेवटचं काम, जे पहिल्या बाटलीपासून करायला हवं. प्रत्येक बॅचच्या चोवीस बाटल्या विक्रीतून बाजूला काढा आणि त्यांचीही नोंद वहीत करा. बारा वायनरीत थंड जागी, बारा मुंबईत घरच्या कपाटात, जिथे तुमचं गिऱ्हाईक त्या ठेवतं तशाच. दर दोन महिन्यांनी दोन्हीकडची एकेक उघडा, शेजारी शेजारी ठेवा आणि काय बदललं ते तारीख घालून लिहा. नोंद शिसपेन्सिलीने करा, वहीवर वाइन सांडली तर शाई पसरते.